चार्ज न देता गेलेला ब्राउझर

बाळांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला प्रश्न विचारलात आणि मी त्याचं उत्तर धड दिलं नाही. तुम्ही नुकतंच ते अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग ऐकलं होतं. धाकट्याने विचारलं, "आजी, त्यात ती रागावलेली बाई कोण आहे?" थोरली म्हणाली, "आणि हसणारी कोण?" मी म्हटलं, रागावलेली मी, हसणारी तुमची पणजी. तेवढ्यात तुमच्या आईच्या ड्यूटीची वेळ झाली आणि कॉल संपला.

मग मी चहा केला आणि ठरवलं की हे सगळं आत्ताच लिहून काढायचं. ते रेकॉर्डिंग तुमच्या हातात पडण्याआधी इथे एक आठवडा जो काही गोंधळ झाला, तसा माझ्या नोकरीच्या चौतीस वर्षांत झाला नव्हता. मी घाबरले होते हे खरं आहे. पण इतकी मजाही मला कित्येक वर्षांत आली नव्हती. नोंदवही समोर आहे, तारखा-वेळा सगळ्या लिहिलेल्या आहेत. तुमची आई तुम्हाला हे वाचून दाखवेल. ती मध्येच हसली तर तिला हसू द्या.

तर आधी कॅसेट.

मी सरकारी कार्यालयात स्टेनो म्हणून लागले. साहेब इंग्रजीत बोलत, मी खुणांच्या लिपीत उतरवून घेई आणि मग टाइप करी. पुढच्या बढतीसाठी वेगाची परीक्षा होती. सरावासाठी तुमच्या आजोबांनी एक टेपरेकॉर्डर आणला. ते घड्याळ समोर ठेवून, एका लयीत, इंग्रजी पत्रं वाचून टेप करत आणि मी रोज सकाळी ती लावून लिहीत बसे. कॅसेटवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: डिक्टेशन, शंभर शब्द.

त्या सुमारास तुमची आई सहा महिन्यांची होती आणि तिला सांभाळायला माझी आई, म्हणजे तुमची पणजी, आमच्याकडे राहायला आली होती. ती मूळची नागपूरकडची. मी तिच्या कडेवर असताना तिने आणि माझ्या वडिलांनी विजयादशमीला दीक्षा घेतली आणि पुढच्याच वर्षी वडिलांना पुण्यातल्या कारखान्यात काम मिळालं. तीस वर्षं पुण्यात राहूनही आईने तिकडची बोली सोडली नाही. वडिलांनी मात्र पोटाला चिमटा घेऊन मला कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत घातलं. तिथे मी इंग्रजी शिकले, सदाशिव पेठेतल्या मैत्रिणींकडून शुद्ध मराठी शिकले आणि त्या दोन्हींच्या जोरावर घरी येऊन आईच्या चुका काढायला शिकले. हे लिहायला आवडत नाही, पण नोंद पूर्ण हवी.

आईला जात्यावरची गाणी येत. काही तिच्या आईची, काही तिने स्वतः जुळवलेली. आमच्या दोन खोल्यांत जातं नव्हतं, म्हणून ती तांदूळ निवडताना गाई. एका सुट्टीच्या दिवशी मी टेपरेकॉर्डर तिच्या सुपाशेजारी ठेवला आणि बटण दाबलं. दुसरी कॅसेट नव्हती, म्हणून डिक्टेशनचीच लावली.

मला त्या दिवसाचं जे आठवत होतं ते असं: आई बोलायला लागली, मी तिला मध्येच टोकलं, "आई, नीट बोल, 'मले' नाही, 'मला'," आणि ती गप्प झाली. मी चिडून मशीन बंद केलं. एवढंच. त्यानंतर ती गेली, आजोबा गेले, टेपरेकॉर्डर मोडीत गेला आणि कॅसेट कपाटाच्या वरच्या खणात राहिली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. फोटो चार आहेत. आवाज त्या कॅसेटवरच. आणि त्यातही ती माझ्यामुळे गप्प झालेली, असं मी चाळीस वर्षं धरून चालले होते. ऐकायची हिंमत कधी झाली नाही.

या वर्षी विजयादशमीच्या आधी मी घर साफ केलं. आपल्याकडे त्या दिवशी पांढरे कपडे, सकाळची वंदना, मग विहारात जायचं, आणि त्याआधी आठ दिवस घर असं घासायचं की कोपऱ्यातल्या कोळ्यानेही राजीनामा द्यावा. तुम्हाला माहीत आहे, माझी साफसफाई वहीत होते. काय सापडलं, काय ठेवलं, काय काढलं, अनुक्रमांकासह. त्या साफसफाईत कॅसेट हाती आली. पट्टीवरचा लेप कडांना उडायला लागला होता. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

सदाशिव पेठेत एक गृहस्थ जुन्या कॅसेटमधले आवाज काढून कॉम्प्युटरच्या फाइलमध्ये घालून देतात. जिन्याखालीच पाटी आहे: "जुने आवाज काढून मिळतील. नुसती चौकशी करणाऱ्यांनी जिना चढण्याचे कष्ट घेऊ नयेत." मी चढले. त्यांनी कॅसेट उजेडात धरली, नाकाजवळ नेऊन वास घेतला.

"एकदाच चालेल," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे एकदाच. मशीनवरून गेली की लेप निघून येईल. पुन्हा आणू नका."

"आणि फाइल कशी मिळेल?"

"ईमेलने लिंक येईल. तुम्हाला ईमेल येतो ना?"

"येतो," मी म्हटलं. "सोमवार आणि गुरुवारी."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आमचा रोज येतो," ते म्हणाले आणि एक छापील चिठ्ठी हातात ठेवली. तीत लिहिलं होतं: "लिंक सात दिवस चालेल. ती आपल्यासाठीच आहे, पुढे पाठवू नये. आठव्या दिवशी फोन करू नये."

ईमेल मी सोमवारी आणि गुरुवारी सकाळी दहा वाजता बघते. टपाल बघायची वेळ ठरलेली असावी. रोज उठून पेटीत डोकावणाऱ्या माणसाचं दुसरं काम होत नाही. पण या नियमाने मला गोत्यात आणलं. त्यांची मेल आली गुरुवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. मी पाहिली सोमवारी सकाळी दहाला. म्हणजे चार दिवस आधीच गेलेले.

तरी मी खूश होते. कानात घालायचं ते यंत्र लावलं, पाण्याचा पेला भरून ठेवला. मेलमध्ये एक निळं बटण होतं, त्यावर लिहिलं होतं "इथे ऐका." मी क्लिक केलं.

बाण फिरला. थांबला. काही झालं नाही.

पुन्हा क्लिक केलं. बाण फिरला, थांबला. दहा वेळा केलं. कार्यालयाच्या दारावरची घंटा वाजवावी, आत कोणीतरी खुर्ची सरकवल्यासारखं वाटावं आणि दार काही उघडू नये, तसं.

मी वही काढली आणि लिहिलं: "सोमवार. लिंक उघडत नाही. कारण अज्ञात." मग रीतसर तपास सुरू केला. पहिला संशय इंटरनेटवर. ब्राउझर वेगळा उघडून बघितला, तर बातम्या आल्या, हवामान आलं. म्हणजे इंटरनेट निर्दोष. दुसरा संशय त्या गृहस्थांच्या लिंकवर. म्हणून मी जुन्या मेल काढल्या. सोसायटीच्या मेलमध्ये पाण्याच्या वेळापत्रकाची लिंक होती. तीवर क्लिक केलं. बाण फिरला, थांबला. वाचनालयाच्या मेलमध्ये नव्या पुस्तकांच्या यादीची लिंक होती. तीही मुकी! मला अक्षरशः टाळी वाजवावीशी वाटली. एकच लिंक बंद असती तर दोष तिचा. सगळ्याच बंद म्हणजे दोष माझ्या घरात. मी लिहिलं: "मेल येते. ब्राउझर चालतो. मेलमधून ब्राउझरकडे काहीही जात नाही. अडचण मधल्या वाटेत."

तुम्ही विचाराल, आजी, हे आधी लक्षात कसं आलं नाही? तुमच्या आईने मला शपथ घातली आहे की मेलमधल्या कुठल्याही लिंकवर बोट ठेवायचं नाही, चोर असतात. म्हणून मी कधी ठेवत नव्हते. दार बंद होतं हे मला कळणार कसं, मी त्या दारातून जातच नव्हते.

तुम्हाला किंवा तुमच्या आईला पाठवून टाकायची, हा उपायही होता. पण चिठ्ठीवर "पुढे पाठवू नये" असं स्पष्ट लिहिलेलं. आणि दुसरं कारण, जे वहीत लिहिलं नाही: मी आईला गप्प केलेलं तुम्ही माझ्याआधी ऐकावं, हे मला नको होतं.

मंगळवारी शेजारच्यांना बोलावलं. तुम्ही ज्यांना टेलिफोन आजोबा म्हणता, तेच. आयुष्यभर टेलिफोन खात्यात तारा जोडल्या, त्यामुळे कुठलंही यंत्र बिघडलं की त्यांना आपल्याला बोलावणं येणार याची खात्री असते. ते चष्मा पुसत आले, खुर्ची ओढून बसले.

"मॅडम, तुम्ही क्लिक केलं, की करायचं नुसतं मनात आणलं?"

"दहा वेळा केलं. नोंद आहे."

"नोंद आहे म्हणजे झालं. आता कॉम्प्युटरची काय बिशाद." त्यांनी स्वतः क्लिक केलं. बाण फिरला, थांबला. "हं. घमेंडखोर आहे. बंद करून चालू करा."

बंद करून चालू केला. तसंच. त्यांनी प्लग काढून फुंकर मारून लावला. तसंच. मग म्हणाले, लिंक कॉपी करून ब्राउझरमध्ये टाकायची असते, त्यांच्या भाच्याने सांगितलंय. आम्ही दोघांनी मिळून "इथे ऐका" ही अक्षरं कॉपी केली आणि ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाकली. कानाच्या यंत्रांच्या जाहिराती आल्या. वेगवेगळ्या आकाराच्या, एका पानावर नऊ.

"बघा," टेलिफोन आजोबा म्हणाले, "ऐकायला पाहिजे म्हटलं तर त्याने कानच पाठवले."

आम्ही दोघं इतके हसलो की चहा सांडला. मग मी ती मेल छापून काढली, म्हटलं पत्ता बघून हाताने टाइप करू. माझा टाइपिंगचा वेग अजून चांगला आहे. छापून आलं काय, तर कागदावर एक निळा चौकोन आणि त्यात "इथे ऐका." पत्ता चौकोनाच्या पोटात. बटणाच्या आतला पत्ता बाहेर कसा काढायचा हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. आता माहीत आहे, पण त्या दिवशी नव्हतं.

"माझ्या फोनवर उघडून बघू का?" ते म्हणाले. "पासवर्ड सांगा."

"पासवर्ड सांगत नसतात."

"अहो, मी शेजारी आहे. चोवीस वर्षं तुमची किल्ली माझ्याकडे आहे."

"किल्ली वेगळी. मी बारा वर्षं गोपनीय शाखेत होते."

"मग राहू द्या तुमच्या आईंना गोपनीय," ते म्हणाले आणि लगेच जीभ चावली. "चुकलं. उद्या त्या गृहस्थांनाच जाऊन गाठा."

बुधवारी मी रिक्षा केली आणि सदाशिव पेठेत गेले. जिना चढले. ते गृहस्थ एका मोठ्या रिळावर काम करत होते, मान वर न करता म्हणाले, "पोहोचली ना?"

"पोहोचली. उघडत नाही."

"कॅसेट तर निघाली. अकरा मिनिटं आली. पुढचा लेप मशीनला चिकटला. तुमची पट्टी त्या पाकिटात आहे, काचेसारखी झालीय. घेऊन जा."

मी पाकीट उघडून पाहिलं. पट्टी पारदर्शक झाली होती, पलीकडचं दिसत होतं. आता उरलं होतं ते फक्त त्या बटणाच्या पलीकडे.

"तुमच्याकडे एक प्रत असेलच," मी म्हटलं.

"नाही. पाठवलं की पुसतो."

"का हो?"

आता त्यांनी मान वर केली. "एकदा एका घरचं भांडण चुकून दुसऱ्या घरी ऐकवलं गेलं. तेव्हापासून लोकांचे आवाज मी घरात ठेवत नाही. लिंकच्या पलीकडे फाइल आहे, ती उद्या संध्याकाळी सहा-दहापर्यंत. पासवर्ड सांगा, इथे उघडून देतो."

"पासवर्ड..." मी सुरुवात केली.

"सांगत नाही. ठीक आहे." ते पुन्हा रिळाकडे वळले. मी जिन्यापर्यंत गेले तेव्हा मागून आवाज आला, "आजी, लिंक स्वतः काही उघडत नसते. तुमचा कॉम्प्युटर ती कुणाच्या तरी हातात देतो. कुणाच्या हातात देतोय ते बघा."

रिक्षात मी ते वाक्य वहीत उतरवलं. खुणांच्या लिपीत, सवयीने. कुणाच्या हातात देतोय.

गुरुवारी सकाळी दहाला कॉम्प्युटर लावायला गेले तर वीज नाही. अरे देवा, गुरुवार! आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज गुरुवारीच जाते, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. संध्याकाळी पाचपर्यंत येते, कधी साडेपाच, कधी त्यांची मर्जी. आणि माझी मुदत सहा-दहा. खिडकीशी खुर्ची ओढून मी बसले. करण्यासारखं एकच होतं, वह्या वाचणं. या आठवड्याच्या नोंदी वाचून झाल्या. मग सहज साफसफाईची वही उघडली, कारण कॅसेटची नोंद तीतच होती. चौदा: झाकणं न जुळणारे डबे, सात, काढले. पंधरा: कॅसेट एक, ठेवली. आणि सोळा:

"कॉम्प्युटर. एकाच कामासाठी दोन ब्राउझर आढळले. गरज एकाचीच. जुना काढला. जागा मोकळी झाली."

मी उभीच राहिले. चष्मा खाली पडला.

बाळांनो, तुम्हाला सरकारी कार्यालय माहीत नाही, म्हणून सांगते. कारकुनाची बदली झाली की तो जाण्याआधी चार्ज देतो. म्हणजे आपल्या कामाची यादी, किल्ल्या, कागद, सगळं पुढच्या माणसाच्या हाती लेखी देतो, आणि मगच खुर्ची सोडतो. चार्ज न देता कोणी गेला, तर त्याच्या नावाचं टपाल येतच राहतं, शिपाई ते रिकाम्या टेबलावर ठेवत राहतो, आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस रिकामा बसून असतो, कारण त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की हे आता तुझं काम. मी असे तीन घोळ निस्तरले आहेत. आणि चौथा मीच घातला होता! दोन टेबलांवर एकच काम दिसलं, म्हणून मी त्यातलं एक टेबल उचललं. पण टपाल त्याच्याच नावे येत होतं. दुसऱ्या ब्राउझरला कोणी सांगितलंच नव्हतं. माझा बिचारा कॉम्प्युटर सोमवारपासून प्रत्येक लिंक एका रिकाम्या टेबलावर नेऊन ठेवत होता.

मी टेलिफोन आजोबांचं दार वाजवलं. "सापडलं! चार्ज दिलेला नाही!"

"बॅटरी पूर्ण उतरलीय का?" ते म्हणाले.

"अहो, तो चार्ज नाही. पदभार!" मी त्यांना वही दाखवली. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं.

"म्हणजे मॅडम, तुम्ही चांगल्या चालत्या माणसाला घरी बसवलंत."

"हो."

"आणि दिवाळीच्या तोंडावर."

"हो हो. आता ते सोडा. कुठे बदलायचं ते शोधायला पाहिजे."

त्यांच्या फोनवर आम्ही शोधलं. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये "डीफॉल्ट ॲप्स" नावाची जागा असते. तिथे लिहिलेलं असतं की गाणं आलं तर कोणाकडे द्यायचं, चित्र आलं तर कोणाकडे, आणि लिंक आली तर कोणाकडे. एकदम आपल्या कार्यविभागणीच्या तक्त्यासारखं! मी पायऱ्या कागदावर लिहून घेतल्या, पाच पायऱ्या. आता फक्त वीज हवी होती.

तीन वाजले. चार वाजले. टेलिफोन आजोबा दर पंधरा मिनिटांनी गॅलरीतून ओरडत, "नाही आली!" जणू मला दिसत नव्हतं. पाच. सव्वापाच. साडेपाचला त्यांनी वीज कचेरीला फोन लावला आणि जुन्या खात्याच्या आवाजात विचारलं, "लाइनवर कोण चढलंय? किती वेळ?" उत्तर काय आलं ते मला सांगितलं नाही. पाच पन्नासला पंखा फिरला.

मी आयुष्यात इतक्या वेगाने खुर्चीत बसले नसेन. कॉम्प्युटर चालू व्हायला तीन मिनिटं लागली. ती तीन मिनिटं टेलिफोन आजोबा माझ्यामागे उभे राहून माझ्याच कागदावरच्या पायऱ्या मला वाचून दाखवत होते. सेटिंग. ॲप्स. डीफॉल्ट ॲप्स. तिथे ब्राउझरच्या पुढे खरोखर रिकामी चौकट होती. कुणाचंच नाव नाही. मी तिथे उरलेल्या ब्राउझरचं नाव निवडलं, आणि तोंडाने म्हटलं, "पदभार दिला."

"घेतला," टेलिफोन आजोबा मागून म्हणाले.

मेल उघडली. निळं बटण. क्लिक.

बाण फिरला. आणि ब्राउझर उठला! पांढरं पान आलं, त्यावर कॅसेटचं नाव, माझ्याच लेबलावरून घेतलेलं, डिक्टेशन, शंभर शब्द. खाली लिहिलेलं: मुदत संपण्यास सोळा मिनिटं. मी फाइल उतरवून घेतली. एकदा कॉम्प्युटरवर, एकदा पेनड्राइव्हवर. दोन प्रती, हो. दोन टेबलांवर एकच काम. यापुढे या घरात काही गोष्टींना ते चालेल.

टेलिफोन आजोबांनी दार ओढून घेतलं आणि गेले. जाताना म्हणाले, "तुमचं तुम्ही ऐका."

मी ऐकलं.

आधी तांदळाचा आवाज आहे, सुपात हात फिरल्याचा. मग आई विचारते, "हे डबं मले आयकून रायलं काय वो?" आणि त्यावर माझा तो आवाज, तरुण, टोकदार, परीक्षेला बसलेला: "आई, 'मले' नाही, 'मला.' नीट बोल." मी डोळे मिटून घेतले. आता ती गप्प होणार.

ती गप्प झाली नाही. ती हसली. मोठ्याने, पोटातून, मागे तुमची आई दचकून रडायला लागेपर्यंत हसली. आणि म्हणाली, "काहून? तुह्यं मशीन इंग्रजीतच आयकते काय?" आणि मग, मला चिडवायला, तिथल्या तिथे जुळवून गायली:

लेक माही हापिसात दहा बोटानं दयते,
साह्यबाचं बोलनं वो पिठावानी पडते.

दयते म्हणजे दळते. दहा बोटांनी दळते. माझा टाइपरायटर तिला जातं वाटलं होतं, आणि मी तो चालवताना तिने कधीतरी कार्यालयाच्या दारात उभं राहून पाहिलं होतं. मला हे कुठे माहीत होतं? मशीन मी बंद केलंच नव्हतं. ती आणखी नऊ मिनिटं गायली आणि मी जवळच बसून ऐकत होते, कारण मध्ये एकदा माझंही हसू ऐकू येतं. चाळीस वर्षं मी ते चुकीचं लक्षात ठेवलं. शेवटी ती म्हणते, "झालं वो तांदूळ," आणि खट्कन मागचं रेकॉर्डिंग सुरू होतं: तुमचे आजोबा, घड्याळ समोर ठेवून, "डिअर सर, विथ रेफरन्स टू युवर लेटर..." आणि तिथेच रेकॉर्डिंग तुटतं.

ऐकून झाल्यावर मी दुसऱ्यांदा लावलं. मग सदाशिव पेठेत फोन केला. मुदत तेव्हा संपून गेली होती, पण फोन करू नये असं लिहिलं होतं ते आठव्या दिवशी. हा सातवाच होता.

"उघडली," मी सांगितलं. "आता फाइल माझी आहे. नातवंडांना पाठवू ना?"

"तुमची आई आहे," ते म्हणाले. "मला काय विचारता?" मग फोन ठेवता ठेवता, "हसणं छान आलंय."

त्याच संध्याकाळी तुम्हाला फाइल पाठवली. लिंक पाठवली नाही, फाइलच जोडली. माझा लिंकांवर राग नाही, पण एवढी जोखीम नको.

धाकट्या, ती रागावलेली बाई मी आहे, आणि ती दोन वाक्यंच रागावलेली आहे, पुढे ऐक. थोरले, हसणारी पणजी आहे, आणि ती गाते त्या ओळीचा अर्थ वर लिहिला आहे.

कॅसेट चाळीस मिनिटांची होती. त्यातली अकरा मिनिटं उरली आहेत. एक प्रत माझ्याकडे कॉम्प्युटरवर आहे, एक पेनड्राइव्हवर कपाटाच्या वरच्या खणात, आणि एक तुमच्याकडे. तिन्हींत ती हसते.